खडूचा सोफा

४ फेब्रुवारी

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी शिडीवर चढून दोन पाट्या लावल्या. उजव्या दालनावर 'मॉडर्न', डाव्या दालनावर 'कंटेंपररी'. खाली उतरून पाहिलं. दोन्ही सरळ लागल्या होत्या. दिवसभरात समाधान म्हणावं ते एवढंच. कोणती वस्तू कुठल्या पाटीखाली जायची हे मला कळलेलं नाही, आणि बाकीच्यांना कळलंय असंही दिसत नाही.

मालक आता घरीच असतात. दुकान त्यांच्या सूनबाई बघतात. स्वभावाने चांगल्या. मला काका म्हणतात. पण काल सगळ्यांना गोळा करून म्हणाल्या, "या दोन्हीतला फरक आपल्यालाच माहीत नाही, तर गिऱ्हाइकाला काय सांगणार?"

मी म्हटलं, "मॉडर्न म्हणजे आत्ताचं, आणि कंटेंपररी म्हणजे अगदी आत्ताचं. असंच ना?"

"नाही काका. मॉडर्न म्हणजे जुनं."

घ्या! इतकी वर्षं फर्निचर विकतोय, आणि आता हे.

मॉडर्न म्हणजे आजोबांच्या तरुणपणीचं. लाकूड उघडं दिसणारं, पाय खाली निमुळते, नक्षी नाही, खालून झाडू फिरेल इतकी मोकळी जागा. हे लिहून घेतलं. मग कंटेंपररी कसं? तर आज लोकांना जे आवडतंय ते. गोल असेल, चौकोनी असेल, पाय असतील किंवा नसतील. बहुतेक वेळा राखाडी. 'कसंही' ही गोष्ट माणसाने पाठ कशी करायची?

जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग आपला सोफा कुठल्या पाटीखाली येतो?"

मी पाणी प्यायलो.

५ फेब्रुवारी

आपला सोफा म्हणजे खडूचा. एकदाचं इथे तरी लिहून ठेवतो.

गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेलो की आम्ही जमिनीवर खडूने सोफ्याची चौकट काढून देतो. माणसाने तिच्याभोवती फिरून बघायचं. दार उघडतं का, खिडकी गाठता येते का, जाता-येता मांडी आपटते का. ही दुकानाची जुनी पद्धत, आणि चांगली पद्धत. या घरात राहायला आलो त्याच आठवड्यात मी बाहेरच्या खोलीत अशी चौकट काढली. सोफा महिन्याभरात येणार होता. तेव्हा मुलगा शाळेत होता. आता तो परगावी नोकरीला आहे. चौकट मात्र जागेवर आहे. पुसट झाली की मी गिरवतो. मत बदललं की पुसून दुसरी काढतो. ही झाडताना चौकटीच्या कडेकडेने झाडते. पाहुणे आले की म्हणते, "बसा ना. फक्त यांच्या सोफ्यावर नको हं, कापड मळेल." लोक हसतात. मीही हसतो.

अडचण पैशाची नाही. नोकरांना सवलत आहे. अडचण ही की दुसऱ्याला पाच मिनिटांत सोफा निवडून देणारा मी, स्वतःच्या घरासाठी उभा राहिलो की प्रत्येक सोफ्यात खोट दिसते.

खरं तर आता सोफ्याचा प्रश्न राहिलेलाच नाही. हिचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं, जमिनीवर बसणं बंद. घट्ट बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली चांगली खुर्ची घ्या. घरात काय आहे? एक पलंग, त्यावर ही दिवसभर बसली की कंबर धरते. एक स्टूल. आणि मुलाची अभ्यासाची घडीची खुर्ची, तिच्यावर बसलं की ती माणसाचीच घडी घालायला बघते. म्हणून ही अजून जमिनीवरच बसते, आणि उठताना माझ्या हाताला धरते. मी दुकानात असलो की कशाला धरते, ते मी विचारलेलं नाही.

८ फेब्रुवारी

एक जोडपं आलं. नवरा म्हणाला, "आम्हाला एकदम मॉडर्न पाहिजे."

शिकवल्याप्रमाणे उजव्या दालनात नेलं. बायकोने आत पाऊल टाकलं आणि थांबलीच. "हे तर माझ्या आजोबांच्या ऑफिससारखं आहे!"

"बाई, यालाच मॉडर्न म्हणतात."

"आजोबा जाऊन किती वर्षं झाली!"

नवरा म्हणाला, "अहो काका, मॉडर्न म्हणजे आजचं हो." मी समजावायला गेलो, की आजचं हवं असेल तर ते पलीकडे, त्याला मॉडर्न म्हणत नाहीत. तो बायकोकडे बघून हसला. म्हातारा चळलाय, असं ते हसू होतं. मी अजून पन्नाशीचाही झालेलो नाही.

आमच्या स्प्रिंगने त्यांना हसत हसत पलीकडे नेलं आणि सोफा विकून मोकळा झाला. स्प्रिंग म्हणजे आमच्या दुकानातला दुसरा विक्रेता. गिऱ्हाइकासमोर प्रत्येक गादी दोन्ही हातांनी दाबून दाखवतो, म्हणून हे नाव. नंतर मला म्हणतो, "दादा, तुम्ही फरक सांगत बसता. मी विचारतो, वहिनींना रंग आवडला का? संपलं."

संपलं म्हणे.

११ फेब्रुवारी

दुकानात एक लाकडी हातांची खुर्ची आलीय, तिच्यावरून आज पुन्हा वाद. भुरी गादी, साधे पाय, पाठ किंचित कललेली. ती मी डावीकडे, कंटेंपररीत ठेवली. सूनबाईंनी उजवीकडे नेली. मी म्हटलं, "ही गेल्याच महिन्यात आपल्या सुताराने केली. मी स्वतः उतरवून घेतली. ओल्या पॉलिशचा वास येत होता. ती जुनी कशी?"

"मॉडर्न हा घाट आहे, काका. वस्तूचं वय नाही."

मनात म्हटलं, मग पाटीवर 'घाट' लिहा.

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही एकदा बसून बघा ना. नुसतं बघून किती कळणार?"

मी बसलो नाही. कामावरच्या माणसाने मालावर बसायचं नाही, हा मोठ्या मालकांचा नियम. सूनबाईंनी तो आल्या दिवशीच मोडीत काढला. स्प्रिंग तर आता डबाही सोफ्यावर बसून खातो. माझे मात्र पाय वाकत नाहीत.

१२ फेब्रुवारी

पाय का वाकत नाहीत याचा आज दुकानात उभ्या उभ्या विचार केला.

आमच्या गावच्या शाळेत खुर्ची एकच होती. गुरुजींची. आम्ही सगळे जमिनीवर. गुरुजी नसले तरी तिच्यावर कुणी बसत नसे. भीती म्हणून नव्हे. ती आपली नाही, इतकंच. घरीही जमीनच. प्रार्थनेला बसतो तेही जमिनीवर. ही वही लिहितो तीसुद्धा जमिनीवर बसून, पत्र्याची ट्रंक पुढे ओढून. इतक्या खुर्च्या विकल्या, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या घरी जायच्या वस्तू. खुर्चीच्या मागे कसं उभं राहायचं हे मला पक्कं ठाऊक आहे.

हे कुणाला सांगण्यासारखं नाही. सूनबाई म्हणतील, किती छान, काका. आणि स्प्रिंग नवं नाव ठेवेल.

१४ फेब्रुवारी

आज पहाटे प्रार्थना म्हणताना मध्येच थांबलो. ही प्रार्थना माझ्या आजोबांची. त्यांच्याही आधीची. आज म्हटली ती माझ्या तोंडाने, आजच्या सकाळी, म्हणून ती काही नवी झाली नाही. तशीच ती खुर्ची. सुताराने गेल्या महिन्यात केली, पण घाट जुनाच. मॉडर्न ही एका काळात ठरून गेलेली गोष्ट आहे. आता कुणीही केली तरी ती तीच. आणि कंटेंपररी अजून ठरलेलीच नाही. ती आज अशी आहे, पुढच्या वर्षी दुसरीकडे गेलेली असेल. म्हणून ती पाठ होत नाही. दोष माझ्या डोक्याचा नाही.

बरं वाटलं. मग लाज वाटली, देवापुढे बसून फर्निचर सोडवत होतो. पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

दुकानात सूनबाईंना सांगितलं. त्या खूश. "काका, अगदी बरोबर! हेच मी सगळ्यांना सांगणार आहे." स्प्रिंग लांबून म्हणाला, "दादांना साक्षात्कार झाला." दिवसभर मला महाराज म्हणत होता.

१६ फेब्रुवारी

फरक कळला तर निवड सोपी व्हायला हवी होती. उलट झालं. आधी मी नुसता सोफे बघत होतो, आता दोन काळ बघतोय. मॉडर्न घ्यावं तर आपलं घर ऑफिससारखं दिसेल. कंटेंपररी घ्यावं तर दोन वर्षांत ते आत्ताचं राहणार नाही.

तरी आज ठरवलं. कंटेंपररी. दुकानात एक मोठा राखाडी सोफा आलाय, कोपऱ्यात वळणारा, ढगासारखा फुगलेला. आम्ही त्याला अजगर म्हणतो. दोघं ऐसपैस बसतील, मुलगा आला तर तोही. घरी येऊन जुनी चौकट पुसली, अजगराची काढली. रेघ भिंतीपासून निघाली ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

ही दारात उभी राहून बघत होती. "म्हणजे आता चहा ठेवायला जायचं तर सोफ्यावरून चढून जायचं?"

"थोडा सरकवता येईल."

"खडू सरकवायचा ना? सरकवा. त्याला कुठे चार माणसं लागतात."

१९ फेब्रुवारी

सूनबाईंनी दालनं बदलली. आता मॉडर्न डावीकडे. पाट्या मीच काढल्या, मीच लावल्या. या खेपेला एक वाकडी लागलीय. असू दे.

२१ फेब्रुवारी

मुलाचा फोन. आईशी बोलून झाल्यावर मला म्हणाला, "बाबा, खुर्ची आणली का?"

"बघतोय."

"काय बघताय? प्लॅस्टिकची आणा. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणा. हात असले म्हणजे झालं."

मी चिडलो. फर्निचरच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात प्लॅस्टिकची खुर्ची? लोक काय म्हणतील?

"कुठले लोक, बाबा? तुमच्या घरात लोक सोफ्याच्या कडेने चालतात."

फोन ठेवला. हिने ऐकलं होतं. भाजी निवडत राहिली. जमिनीवर बसून.

देवापुढे बसलो. मागितलं काही नाही. खुर्ची काय देवाकडे मागायची?

२६ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहून ठेवतो.

संध्याकाळी घरी आलो. दार लोटलेलं होतं. ही बाहेरच्या खोलीत, खडूच्या चौकटीत, जमिनीवर बसलेली. भिंतीला टेकून, पाय लांब केलेले. आजूबाजूला गोळ्या विखुरलेल्या. गोळ्यांची डबी हातातून पडली, त्या वेचायला बसली, आणि मग उठता येईना. स्टुलाला धरून बघितलं तर स्टूल सरकलं. पलंगापर्यंत घसटत जायचा प्रयत्न केला, तर गुडघ्यात कळ आली. दुपारपासून तशीच बसली होती. जेवण झाकून ठेवलेलं, तसंच. लुगड्याची कड खडूने पांढरी झाली होती.

मी म्हटलं, "हाक का नाही मारलीस? शेजारी असतात ना."

म्हणाली, "सोफ्यावर बसलेली बाई कशाला हाक मारेल?"

ती हसेल म्हणून मी बघत होतो. ती हसली नाही.

दोन्ही काखांत हात घालून उठवली. उभी राहिल्यावरही माझा दंड बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, "अहो, तुम्ही माणसांना इतकं विचारता दुकानात. रंग कुठला हवा, कापड कुठलं, दालन कुठलं. मला कधी विचारलंत?"

विचारलं नव्हतं. एकदाही नाही. मापं खोलीची घेतली, भिंतीची घेतली. हिचं माप कधी घेतलंच नाही.

२७ फेब्रुवारी

दुकानात लक्ष नाही. अजगरासमोर उभा राहिलो. दुरून सुंदर दिसतो. आज पहिल्यांदा नीट वाकून बघितलं. बैठक किती खाली आहे! हात टेकायला कडक असं काही नाही, सगळं मऊ. यातून ती उठणार कशी?

म्हणजे मी घरात जी रेघ काढली होती, ती हिला न उठता येणाऱ्या जागेची होती. सोफा खडूचा असो की कापडाचा.

सूनबाईंनी विचारलं, "काका, बरं नाही का?" सगळं सांगितलं. चौकटीचंही. मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी स्टूल ओढलं आणि समोर बसल्या. "काकूंना उद्या घेऊन या."

"इथे?"

"मग कुठे?"

"घरच्यांनी दुकानात यायची आपल्याकडे पद्धत नाही."

"काका," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, "तुमच्या त्या पद्धती आता पुरे झाल्या."

राग आला. घरी येईपर्यंत टिकला. दारातून आत पाऊल टाकलं, रेघ दिसली, आणि राग नेमका कुणावर होता ते कळेना.

२८ फेब्रुवारी

हिला घेऊन गेलो. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मी मागच्या दाराकडे वळत होतो, माल येतो त्या. सवयीने. ही थांबली. "गिऱ्हाईक मागून येतं का?" समोरच्या दाराने आत गेलो. स्प्रिंगने धावत येऊन दार उघडलं, एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी उघडावं तसं. "या वहिनी, मॉडर्न दाखवू की कंटेंपररी? महाराजांना दोन्ही पाठ आहेत."

"आधी यांचा अजगर दाखवा," ही म्हणाली. "घरात त्याच्या कडेकडेने चालून चालून पाय दुखले माझे."

बसली. बसली ती आत गेली. चेहरा एकदम उजळला. "अगं बाई, काय मऊ आहे हो." मग उठायला गेली. एकदा, मग पुन्हा. हात टेकला की हातही आत जायचा. शेवटी सूनबाईंनी एका बाजूने आणि स्प्रिंगने दुसऱ्या बाजूने ओढून काढलं. तिघंही हसत होते. मला हसू आलं नाही.

मग दोन्ही दालनांतून फिरलो. मी पाहिलं, आमची गिऱ्हाइकं खुर्चीवर बसून बघतात. ही उठून बघत होती. बसायची, क्षणभर थांबायची, आणि उठायची. उठता आलं नाही की मान हलवायची. सोनेरी पायांच्या गोल खुर्चीतून उठता आलं नाही. चामड्याच्या रुंद खुर्चीतून आलं, पण दोन झोके घेऊन. पाट्यांकडे तिने बघितलंही नाही.

शेवटी ती भुऱ्या गादीची खुर्ची. मी कंटेंपररीत ठेवायचो आणि सूनबाई मॉडर्नमध्ये न्यायच्या, तीच. बसली. पाठ टेकली. दोन्ही तळवे लाकडी हातांवर ठेवले, जोर दिला, आणि उभी राहिली. कुणाला धरलं नाही. पुन्हा बसली. पुन्हा उठली. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

सूनबाई हळूच म्हणाल्या, "मॉडर्न आहे, काकू."

"असू दे. मला उठता येतंय."

मग माझ्याकडे वळली. "तुमची कुठली?"

मी म्हटलं, "मला कशाला? मी खाली बसतो."

"मी वर बसू आणि तुम्ही माझ्या पायाशी? बरं दिसेल का ते? आणि गुडघे काय माझ्या एकटीलाच आहेत? बसा या खुर्चीत. मला बघू दे."

सगळे बघत होते. दारातून आणखी एक गिऱ्हाईक येत होतं. वाटलं, कुणीतरी 'अहो, उठा' म्हणेल. गुरुजीही आठवले.

बसलो.

काय सांगू? लाकूड हाताला गार लागलं. पाठीला मागून कुणीतरी नीट धरल्यासारखं वाटलं. अशा खुर्च्या मी आजवर किती घरांत पोचवल्या, आणि त्या अशा असतात हे मला ठाऊकच नव्हतं. ही समोर उभी राहून वरून माझ्याकडे बघत होती, आणि मी खालून तिच्याकडे. लग्न झाल्यापासून असं कधी झालं होतं का?

"दोन द्या," ही सूनबाईंना म्हणाली.

२ मार्च

खुर्च्या आल्या. त्या लावायच्या आधी ओलं फडकं घेतलं आणि अजगर पुसला, स्वयंपाकघराच्या दारापासून भिंतीपर्यंत. खाली जुन्या चौकटींचे पांढरे डाग होते, तेही घासून काढले. खडूचा डबा दुकानाच्या पिशवीत टाकला.

हे खुर्चीत बसून लिहितोय, वही मांडीवर घेऊन. अक्षर वेगळं येतंय. शेजारच्या खुर्चीतून ही विचारते, पाणी हवं का? मीच आणतो म्हणून वही ठेवून उठायला लागलो.

तोवर ती उठलीसुद्धा.